शीणदारांच्या सुना दमत नाहीत

"दमलीस?" आबांनी विचारलं.

"मी कशाला दमू? मी काय सरकार आहे?" आई म्हणाली आणि चिखलाने भरलेले पाय तिने न्हाणीच्या दगडावर ठेवले.

आबांनी तांब्या कलता केला. एका हाताने पाणी, दुसऱ्या हाताने चिखल. आधी उजवं पाऊल, मग डावं, टाचेपासून बोटांपर्यंत, अजिबात घाई नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी हे असंच चालायचं. दिवसभरात आबा एवढं एकच काम करायचे. भाकरी थापताना लहान मुलाच्या हातात पिठाचा गोळा द्यावा, तसं आई त्यांना ते करू द्यायची.

त्या दिवशी डाव्या पायाचा चिखल अजून निघायचा होता, तोच अंगणात वारा घुसला. सुपातली नाचणी उडाली, कोंबड्या ओरडत पळाल्या आणि त्या धुरळ्यातून उंबरगडचा जासूद खाली उतरला. हे जासूद वाऱ्याच्या मानकऱ्यांच्या घरातले. त्यांचे पाय जमिनीला लागतात ते फक्त निरोप सांगण्यापुरते.

"शीणदार रंभाजीराव सरकारांना दरबारचा मुजरा," तो म्हणाला. "महाराज गादी सोडताहेत. येत्या पौर्णिमेला उतराई आहे. सरकारांनी वारसासह हजर राहावं."

आबा आईचा पाय धरून तसेच बसून होते.

"आधी ती नाचणी गोळा कर," आई जासुदाला म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि तो बिचारा मुकाट्याने खाली बसून नाचणी वेचायला लागला.

आमचं घराणं कुणाला ठाऊक असायचं काही कारण नाही. उंबरगडच्या राज्यात मानकरी पुष्कळ आणि प्रत्येकाची जादू वेगळी. वाऱ्याचे मानकरी निरोप नेतात, धुक्याचे मानकरी लढाईच्या दिवशी खिंडी झाकून टाकतात, सावलीचे मानकरी उन्हाळ्यात राणीवशावर सावली धरतात. त्यांच्या दारात हत्ती झुलतात. आमच्याकडे खडकोंड नावाचं एक गाव, नाचणीची चार खाचरं, आणि दरबारात अगदी दारापाशी, जिथे लोक जोडे काढतात त्याच्या शेजारची बैठक.

आमची जादू म्हणजे उतराई. राजा गादी सोडतो तेव्हा त्याचा आयुष्यभराचा शीण शीणदार आपल्या अंगात उतरवून घेतो. राजा हलका होऊन तपोवनात जातो आणि शीणदार घरी येऊन झोपतो. दुसऱ्याचा शीण आपल्या रात्रीच्या झोपेने जात नाही. तो अंगात साचून राहतो आणि काढायचा तर सलग झोपावं लागतं, वर्षानुवर्षं. माझे आजोबा उतराई करून आले ते पुन्हा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

काम पिढीतून एकदाच. बाकीचं आयुष्य शीणदाराने रिकामं राहायचं, आणि तेही नावापुरतं नाही. नांगर धरायचा नाही, ओझं उचलायचं नाही, डोंगर चढायचा नाही. अंगात आधीच शीण भरला असेल तर राजाचा मावायचा कुठे? भरलेल्या माणसाने उतराई घेतली तर तो तिथेच, घंगाळापाशीच, मरतो. म्हणून दिवाण भर दरबारात शपथेवर विचारतात, रिकामे आहात? नाही म्हटलं तर रक्ताच्या पुढच्या माणसाने घंगाळापाशी बसायचं. आबांच्या रक्ताचं पुढचं माणूस म्हणजे मी. विशीची झाले होते, पण पाण्याची घागर कधी उचलली नव्हती. मलाही रिकामंच वाढवलं होतं.

शीणदाराने दिवसा झोपायचीही बंदी. झोपला म्हणजे कुठे तरी शीण करून बसलाय, असा अर्थ लावून दरबार जहागीर काढून घेतो. दिवाणांचा माणूस हंगामात एखादी फेरी मारून बघून जायचा. त्यामुळे आबा दिवसभर ओसरीवर, पाठ टेकायला काही नाही अशा एका चौरंगावर बसलेले असत. पापण्या जड झाल्या की डोळ्यांवर पाणी मारायचे. फारच झालं तर गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे.

"आळशी माणसाला झोपसुद्धा धड घेता येत नाही म्हणजे कमाल आहे," आई जाता-येता म्हणायची. "नुसतं बसून बसून माणूस असा पेंगतो कसा, मला तर कळतच नाही."

तिला खरंच कळत नसे. खाचरं तिची, गुरं तिची, चूल तिची, डोंगरावरून लाकडं आणायची तीसुद्धा तिनेच. ती शेतकऱ्याच्या घरची, जादूचा थेंबही अंगात नाही. उजाडायच्या आत उठायची आणि दिवस मावळेपर्यंत तिची पाठ म्हणून जमिनीला लागत नसे. आणि एवढं करून ती संध्याकाळी टवटवीत. शीणदारांच्या सुना दमत नाहीत, असं पंचक्रोशीत सगळे म्हणायचे. आजीही तशीच होती म्हणे. घराण्याच्या देवाचा आशीर्वाद आहे, म्हणून आमच्या गरिबीकडे काणाडोळा करून लोक आम्हाला मुली देत. आईला त्या गोष्टीचा फार अभिमान. बाकी अभिमान धरावा असं तिला सासरी मिळालंही नव्हतं काही.

उंबरगडाहून गाडी आली, त्या सकाळी आईने भाकऱ्या बांधून दिल्या.

"परत आणाल तेव्हा तरटावर आणू नका," ती गाडीवानाला म्हणाली. "खाली हे घोंगडं घाला. त्यांना टोचतं." मग आबांकडे न बघता म्हणाली, "जा. झोपा एकदाचे."

ते 'एकदाचे' तिच्या तोंडून निघून गेलं आणि ते तिलाच नको झालं. घोंगडीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घालत ती तिथेच उभी राहिली. आबा तिच्या पायांकडे बघत होते.

वाटेत ते फारसं बोलले नाहीत. खिंड उतरल्यावर एकदम म्हणाले, "पदू, मी उठलो नाही तर आईला एक सांग. म्हणावं, संध्याकाळी जरा बसत जा. गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडत जा."

"तिचे पाय कधी दुखतात?"

"दुखत नाहीत. तरी सांग."

"आबा, तुम्हाला भीती वाटतेय का?"

"हो," ते म्हणाले. अगदी साधं, भूक लागलीय म्हणावं तसं.

दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला जोड्यांजवळून उठवून पुढे नेलं. मधोमध तांब्याचं घंगाळ मांडलं होतं आणि त्यात कोमट पाणी. समोर महाराज बसले होते, गोल, गोरे, प्रसन्न. हातात अंगोछा घेऊन मी आबांच्या मागे उभी राहिले.

दिवाण त्रिंबकपंत पुढे आले. "शीणदार रंभाजीराव, शपथेवर सांगा. रिकामे आहात?"

आबा बोलेनात.

दरबारात चुळबुळ झाली. दिवाणांची नजर त्यांच्यावरून माझ्यावर आली आणि थांबली. तेव्हा आबांनीही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता नाही म्हणणार आणि मला पुढे ढकलणार. भीतीने माणूस काय करील सांगता येत नाही, असं मनात आलं. अंगोछा माझ्या हातात ओला झाला.

"रिकामा आहे," आबा म्हणाले.

महाराजांनी पाय पाण्यात सोडले. मऊ, गुलाबी पाय. टाचेला भेग म्हणून नाही. शीण पायांतून उतरतो. पाण्यात दोन्ही तळपाय दोन्ही तळहातांत धरायचे, बस, एवढीच आमची जादू. आबांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पाय धरले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्यांनी दात आवळले. मग कपाळावरची आठी सुटली. मग त्यांनी हात जरा सरकवून पाय पुन्हा धरले, बटव्यात सुपारी चाचपावी तसे. मी अंगोछा पुढे करायच्या निमित्ताने वाकले.

"काही नाही," ते ओठ न हलवता म्हणाले.

"काय नाही?"

"शीण. नाहीच. जेवणानंतरची सुस्ती आहे थोडी."

उभं आयुष्य राज्य केलेला राजा दमलेलाच नाही, असं भर दरबारात सांगणाऱ्याचं डोकं धडावर राहिलं नसतं. खडकोंड तर गेलंच असतं.

"होतंय का रे काही?" महाराजांनी आपुलकीने विचारलं.

"होतंय, महाराज," आबा म्हणाले. "फार आहे." आणि ते हळूच एका अंगावर कलले आणि घंगाळाशेजारी आडवे झाले.

महाराज उठून उभे राहिले. दोन पावलं टाकून बघितली. "वा," ते म्हणाले. "काय हलकं वाटतंय." नगारे वाजले. धुक्याच्या मानकऱ्यांनी आनंदाप्रीत्यर्थ थोडं धुकं सोडलं आणि सगळा दरबार खोकायला लागला.

परतीच्या वाटेवर आबा घोंगडीवर पडून होते. पुढे गाडीवान गुणगुणत होता. वेस मागे पडल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

"आले का कुणी मागून?"

"मिटा ते डोळे," मी दबक्या आवाजात म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसूही. "आता किती वर्षं सोंग करणार आहात? दिवाणांचा माणूस बघायला येणार. तुम्हाला नुसतं पडून राहणं तरी जमणार आहे का?"

"सोंग कशाला करू?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज आत्ताच जड झाला होता. "आता मला झोपायची परवानगी आहे, पदू. खुद्द राजाची. मला खरीच झोप येतेय. किती दिवसांपासून येतेय."

"तुम्हाला कसला शीण? तुम्ही उभ्या जन्मात कधी..."

"कुणाचा, कसला, ते शीणदाराला विचारायचं नसतं," ते म्हणाले. "नियम आहे." ते हसले. असं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्यांना पाणी द्यावं म्हणून मी हलवलं. मग जोरात हलवलं. कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या.

गाडीवानाने मागे वळून विचारलं, "झोपले का सरकार?"

"झोपले," मी म्हणाले, आणि मग मात्र मी घाबरले.

घरी पोहोचलो तेव्हा दुपार होती. आईने आणि गाडीवानाने आबांना आत नेऊन निजवलं. गाडी गेल्यावर मी चुलीपुढे बसून तिला सगळं सांगितलं. राजाच्या पायांत काहीच नव्हतं हे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

"म्हणजे माझ्या नवऱ्याला शेवटी झोपायला सबब मिळाली," ती म्हणाली. "झोपू दे. ओसरी तरी मोकळी झाली."

आणि ती विळा घेऊन निघून गेली.

संध्याकाळी ती परत आली ती कडेने, कुंपणाला धरत आली. न्हाणीपाशी येऊन तिने सवयीने पाय दगडावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. कुणी तरी काही तरी विचारेल, अशी वाट बघितल्यासारखी. मी तांब्याला हात घातला.

"ठेव तो. तुला अजून रिकामं राहायचंय." तिने आपल्या हाताने पाणी ओतून घेतलं, तिथेच दगडावर बसली, आणि उठायला गेली तर तिला उठता येईना.

"पदू, इकडे ये जरा. माझ्या पायांना काय झालंय बघ."

"काटा लागलाय का?"

"काटा मला कळत नाही का? जड झालेत. पोटऱ्या आतून ओढताहेत आणि कंबर तर माझी नाहीच असं वाटतंय. तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून सुरू झालंय. निजून उठलं की जरा बरं, दिवस कलला की पुन्हा तेच." तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "करणी केली असेल का कुणी? त्या सावलीवाल्यांचा डोळा आहे आपल्या वरच्या खाचरावर."

मी तिच्यासमोर बसले. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. खांदे पडले होते. असा चेहरा मी गावातल्या सगळ्या बायकांचा रोज संध्याकाळी बघत होते. फक्त आईचा कधी बघितला नव्हता.

"आई, करणी नाही ही," मी म्हणाले. "तू दमलीयस."

"म्हणजे?"

ती थट्टा करत नव्हती. दमणं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि ते तिला मी सांगत होते, जिने कधी काडी इकडची तिकडे केली नव्हती.

"सगळ्यांना होतं ते," मी म्हणाले. "दिवसभर राबलं की होतं. रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर तांब्यावर गेली. तिथून आपल्या ओल्या पायांवर. मग आतल्या अंधाऱ्या खोलीकडे.

"लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी," ती हळूच म्हणाली, "मी म्हटलं, अहो सरकार, हे काय करता, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, मला एवढं एकच काम येतं, तेवढं करू दे." ती थांबली. "एक दिवस चुकवला नाही गं त्यांनी. तापात होते तरी नाही."

मग मला गाडीतला निरोप आठवला आणि मी तो सांगितला. गरम पाणी, मीठ, संध्याकाळी जरा बसत जा. दरबारात ते का अडखळले होते आणि माझ्याकडे का पाहिलं होतं, तेही मला बोलता बोलताच कळलं. ते भरलेले होते, गळ्यापर्यंत. मरायला बसले होते ते त्या घंगाळापाशी, आणि नाही म्हणायची सोय असून म्हणाले नाहीत, कारण मग माझी पाळी आली असती. महाराज आयुष्यभर काहीच न करता बसले, म्हणून माझे आबा जिवंत होते.

आईने तोंडावर दोन्ही हात घेतले. "मी काय काय बोलले त्यांना," ती म्हणाली. "ऊठसूट बोलले. सगळ्या गावासमोर बोलले. झोपाळू म्हटलं, घुबड म्हटलं. आणि ती सगळी माझीच झोप होती."

भिंतीला धरत ती आत गेली. मी मागून गेले. तिने तांब्यात पाणी घेतलं होतं. आबांच्या पायथ्याशी बसून तिने त्यांच्या पावलांवर पाणी घातलं आणि दोन्ही तळपाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. बराच वेळ धरून बसली.

"काही येत नाही गं माझ्या हातात," ती म्हणाली.

"मी घेऊ का? त्यांचा एवढा माझ्यात मावायचा नाही, पण तुझा घेते. थोडा."

"तू हात लावायचा नाहीस," आई म्हणाली. "एक झोपलाय तेवढा पुरे. माझं मला राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातात विळा दिला आणि म्हणाली, "चल." एवढ्यानेच आमच्या घराण्याचं रिकामपण संपलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून अंगणात बसलो होतो, आणि दोघींपैकी कुणालाही बोलायचं त्राण नव्हतं.

वर्षं गेली. दिवाणांचा माणूस यायचा, आबांच्या घोरण्याकडे आदराने बघायचा आणि निघून जायचा. राजाचा शीण किती मोठा, असं तिकडे दरबारात म्हणत असत. गावातल्या बायका आईला म्हणायच्या, शीणदारांची सून दमायला लागली, देव रुसला वाटतं. आई ऐकून घ्यायची. मला मात्र कधी कधी आजोबा आठवायचे, जे उठलेच नाहीत, आणि आजी, जी म्हणे कधीच दमली नाही. त्यांच्या अंगात राजाचा शीण किती होता आणि आजीचा किती, हे आता कोण सांगणार? आता माझेही केस पिकलेत. पुढच्या उतराईला दिवाणांच्या गादीवर कुणीही असो, रिकाम्या आहात का म्हणून विचारलं की 'नाही' म्हणायचं, हे माझं ठरलेलं आहे.

आबा उठले तो दिवस मळणीचा होता. आम्ही खळ्यावरून आलो होतो, दोघींच्या केसांत भुसा. रोजच्यासारखी आई आधी आबांच्या पायथ्याशी गेली आणि तांब्या कलता करून तिने त्यांच्या पावलांवर पाणी घातलं. ते तिने एक दिवसही चुकवलं नव्हतं. मी दाराशी विळा टांगत होते. आबांचा अंगठा हलला.

त्यांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचे पांढरे केस, वाकलेला खांदा, हातावरचे चरे, सगळं ते बघत राहिले.

"दमलीस?" त्यांनी विचारलं.

आईने तांब्या खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "दमले."

आबांचा हात अंथरुणावरून घसरत खाली आला आणि तांब्या चाचपायला लागला. आईने तो पायाने बाजेखाली, पार पलीकडे सारला. मग ती त्यांच्या शेजारी, भर संध्याकाळी, चूल पेटवायची राहिलेली असताना, भुशाने भरलेल्या लुगड्यातच आडवी झाली.

मी चूल पेटवायला गेले.